पातळ सिरॅमिक शीटच्या उत्पादन-पद्धतीवरून पेटंटची नोटीस आली तर: गोव्यातील लहान उद्योजकासाठी मार्गदर्शन

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ सिरॅमिक शीट तयार करणाऱ्या कारखानदाराला, किंवा बाहेरून पोर्सेलिनचे मोठे पातळ तक्ते आणून हॉटेलांच्या भिंतींना बसवून देणाऱ्या व्यापाऱ्याला, पेटंटभंगाची नोटीस मिळाली की तो प्रथम दोन्ही शीट शेजारी ठेवून त्या सारख्या दिसतात का ते पाहतो. उत्पादन-पद्धतीच्या पेटंटात या तुलनेला फारसे महत्त्व नाही. तेथे वाद असतो तो शीट कशी झाली याचा, म्हणजे घोळ कोणत्या प्रमाणात कालवला, तो कशावर पसरला, किती सुकवला, भट्टीत कशाच्या आधाराने ठेवला आणि कोणत्या तापमानाला किती वेळ भाजला याचा. या प्रश्नांची उत्तरे बाजारातल्या मालापेक्षा कारखान्याच्या नोंदवहीत अधिक सापडतात, आणि म्हणूनच या वादाची खरी तयारी वकिलाच्या कार्यालयात सुरू होत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा घोटाळा मिटवलेला बरा. मराठीत आपण कोर्टातल्या फिर्यादीलाही ‘दावा’ म्हणतो आणि पेटंटच्या शेवटी क्रमांकाने दिलेल्या हक्काच्या कलमांनाही ‘दावे’च म्हणतो. या लेखात त्या कलमांसाठी वकील मंडळी नेहमी वापरतात तोच ‘क्लेम’ हा शब्द ठेवला आहे आणि ‘दावा’ फक्त कोर्टातल्या प्रकरणासाठी राखला आहे.

नोटीस हाती आल्यावर

नोटिशीत भारतीय पेटंटचा क्रमांक आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. पेटंट ज्या देशात मिळाले त्या देशापुरतेच चालते. अमेरिकन किंवा जपानी क्रमांक लिहून पाठवलेल्या पत्राने गोव्यातील कारखान्याचे उत्पादन थांबू शकत नाही, मग ते पत्र कितीही जाड कागदावर आलेले असो. भारतीय क्रमांक असल्यास पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती तपासता येते. गोवा मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, तरी वादातील पेटंट दिल्ली, चेन्नई किंवा कोलकाता येथूनही दिलेले असू शकते आणि त्याचा अंमल देशभर सारखाच असतो.

स्थिती तपासताना तीन गोष्टी नोंदवून घ्याव्यात. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते, ती संपली आहे का. वार्षिक नूतनीकरण शुल्क भरले गेले आहे की पेटंट मध्येच बंद पडले आहे. आणि ते खरोखर मंजूर झाले आहे की अर्ज अजून केवळ प्रसिद्ध झालेला आहे. यांपैकी तिसऱ्या गोष्टीवर अनेकांची गल्लत होते. प्रसिद्ध झालेल्या अर्जाच्या आधारे इशारा देता येतो आणि पुढे पेटंट मंजूर झाल्यास प्रसिद्धीच्या तारखेपासूनचे हक्कही सांगता येतात, परंतु मंजुरीपूर्वी भंगाचा दावा दाखल करता येत नाही.

नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटासह जपून ठेवावी. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १११ नुसार, पेटंट अस्तित्वात असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्यास वाजवी कारणही नव्हते असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर त्या काळाची नुकसानभरपाई त्याच्यावर लादली जात नाही. मालावर नुसते ‘पेटंटेड’ असे छापलेले असणे, सोबत क्रमांक नसेल तर, ही माहिती पोहोचली असे मानण्यास पुरेसे नाही. नोटीस पोहोचल्यानंतर मात्र हा बचाव पुढच्या काळासाठी संपतो, आणि मनाई हुकमाविरुद्ध तर तो मुळातच कामाचा नाही.

गोव्यात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न येथेच निकाली काढतो. आपल्याकडे कौटुंबिक बाबतीत पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते, म्हणून दाव्याची मुदतही तिच्याप्रमाणेच मोजायची का? नाही. पेटंट कायदा केंद्रीय आहे आणि तो येथे जसाच्या तसा लागू आहे. मुदतीबद्दलचा जुना संभ्रमही सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गोव्यातूनच गेलेल्या एका बँकेच्या प्रकरणात दूर केला आणि १९६३ चा मुदत कायदाच लागू असल्याचे सांगितले. पेटंटभंगासाठी तीन वर्षे धरावीत. मात्र भंग चालू असेल तर दाव्याचे कारणही चालू राहते, त्यामुळे ‘आम्ही पाच वर्षे हेच करतो आहोत’ एवढ्यावर विसंबू नये.

पद्धतीतले जुने काय आणि नवे काय

पातळ सिरॅमिक शीट करण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे टेप कास्टिंग. अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियाची बारीक पूड, द्रावक, कण सुटे ठेवणारे द्रव्य, पूड बांधून धरणारा बाइंडर आणि लवचीकपणा आणणारे प्लॅस्टिसायझर यांचा घोळ करायचा, त्यातली हवा काढायची, सरकत्या पॉलिस्टर फिल्मवर ठरावीक फटीच्या पात्याखालून तो पसरायचा, सुकवून चामड्यासारखी कच्ची शीट सोलून घ्यायची, कापायची, बाइंडर हळूहळू जाळून टाकायचा आणि मग भाजायचे. अ‍ॅल्युमिनाच्या बाबतीत हे भाजणे साधारणपणे १५०० ते १६०० अंश सेल्सियसला होते. या पद्धतीचा पाया ग्लेन हॉवॅट यांनी घातला. त्यांचे अमेरिकन पेटंट १९५२ साली मंजूर झाले. सरकत्या प्लॅस्टिक फिल्मवर घोळ पसरवण्याचे पार्क यांचे पेटंट १९६१ चे आहे. दोन्ही केव्हाच संपली. म्हणजेच पात्याखालून घोळ पसरवणे ही कोणाची मक्तेदारी नाही, आणि नोटीस पाठवणाऱ्याचे पत्र तसे सुचवत असेल तर ते त्याच्या पेटंटाबद्दल कमी आणि त्याच्या आत्मविश्वासाबद्दल अधिक सांगते.

बांधकामातले मोठे तक्ते वेगळ्या वाटेने होतात. तेथे जवळजवळ कोरडी पूड पट्ट्यावर पसरून प्रचंड दाबाखाली दाबली जाते. इटलीतील फियोरानो मोदेनेसे येथे २००१ साली स्थापन झालेल्या लॅमिनम कंपनीमुळे एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि अवघ्या तीन मिलिमीटर जाडीचे तक्ते बाजारात परिचित झाले. पणजीच्या जुन्या इमारतींतील आझुलेजू या पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत फरश्यांचा जाडजूड पोत ज्यांनी हाताळला आहे, त्यांना असा तक्ता प्रथम पाहताना तो सिरॅमिकचा आहे यावर विश्वास बसत नाही.

आज मिळणारी पेटंट या मूळ पद्धतींवर नसून त्यांतल्या अडचणींवर शोधलेल्या उपायांवर असतात. शीट जितकी पातळ आणि मोठी, तितकी ती भाजताना वाकते, कडा उचलते, सुरकुतते किंवा तडकते. बाइंडर जळताना निघणारा वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फोड येतात, आणि आकुंचन सर्व दिशांनी सारखे झाले नाही तर सपाटपणा जातो. म्हणून कोणी पुडीच्या कणांचा आकार ठरावीक पट्ट्यात बांधतो, कोणी शीट सच्छिद्र तक्त्यांच्या मध्ये ठेवून वरून अल्प वजन देतो, कोणी तापमान चढवण्याचा वेग टप्प्याटप्प्याने बदलतो. वाद यांपैकी एखाद्याच पायरीवर उभा असतो, आणि ती पायरी नेमकी कोणती हे क्लेम वाचल्याशिवाय कळत नाही.

क्लेमची फोड कशी करावी

पेटंटचे वर्णन शंभर पानांचे असले तरी हक्क क्लेममध्येच असतो. पहिला स्वतंत्र क्लेम घेऊन त्याचे पायऱ्यांप्रमाणे तुकडे करावेत. समजा, एका काल्पनिक क्लेममध्ये असे म्हटले आहे: ठरावीक आकाराच्या कणांच्या झिर्कोनिया पुडीचा घोळ करणे, तो फिल्मवर ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीत पसरवून सुकवणे. कच्ची शीट दोन सच्छिद्र सिरॅमिक तक्त्यांमध्ये ठेवणे. आणि वरच्या तक्त्याचे वजन ठरावीक मर्यादेत ठेवून भाजणे. कागदाच्या डाव्या बाजूला या चार पायऱ्या लिहाव्यात आणि उजव्या बाजूला आपल्या कारखान्यात प्रत्यक्ष काय होते ते, आकड्यांसह आणि तो आकडा कोणत्या कागदावरून घेतला याच्या उल्लेखासह लिहावे. ‘साधारण तसेच’ हा शब्द उजव्या बाजूला एकदाही येऊ देऊ नये.

नियम असा आहे की क्लेममधील प्रत्येक आवश्यक घटक आपल्या पद्धतीत आढळला तरच भंग होतो. आपण शीट खालच्या एकाच तक्त्यावर मोकळी ठेवून भाजत असाल तर तिसरी व चौथी पायरी आपल्याकडे नाही. मात्र फरक नाममात्र आहे, तेच काम त्याच रीतीने त्याच परिणामासाठी केले आहे, असा युक्तिवाद समोरचा करू शकतो. हा समतुल्यतेचा युक्तिवाद उत्पादन-पद्धतीच्या बाबतीत सहज टिकत नाही. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका कीटकनाशकाच्या पद्धतीचे प्रकरण होते. पेटंटात सल्फोनिल क्लोराइड सांगितले होते, तर प्रतिवादी थायोनिल क्लोराइड वापरत होता. न्यायालयाने तेथे समतुल्यता मानली नाही. सिरॅमिकमध्ये वजनाऐवजी दुसरी काही यंत्रणा वापरणाऱ्याला या निकालाचा आधार घेता येईल. सच्छिद्र तक्त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा सच्छिद्र तक्ता वापरणाऱ्याला अर्थातच नाही.

हे काम कारखान्यातल्या भट्टीवरच्या माणसाला शेजारी बसवून करावे. कार्यालयात टांगलेली कार्यपद्धती आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष चालणारी पद्धत यांत अंतर असते, आणि ते कोर्टात उलटतपासणीत प्रथमच उघड होणे फार महाग पडते.

पुराव्याचे ओझे कोणावर

सामान्यतः भंग सिद्ध करणे वादीचे काम. पण दुसऱ्याच्या बंद दारामागे चाललेली पद्धत वादीने कशी सिद्ध करायची, म्हणून कायद्यात कलम १०४अ आहे. पेटंट एखाद्या नव्या वस्तूच्या पद्धतीवर असेल, किंवा प्रतिवादीची तंतोतंत तशीच वस्तू त्याच पद्धतीने झाली असण्याची बरीच शक्यता असून वाजवी प्रयत्नांनंतरही वादीला प्रत्यक्ष पद्धत शोधता आली नसेल, तर न्यायालय प्रतिवादीलाच आपली पद्धत वेगळी असल्याचे सिद्ध करायला सांगू शकते. त्याआधी वादीने दोन्ही वस्तू एकरूप आहेत हे दाखवलेच पाहिजे. म्हणून प्रतिवादीने पहिली हरकत येथेच घ्यावी. सारख्या जाडीच्या, सारख्या रंगाच्या दोन शीट एकरूप नसतात. घनता, कणांची रचना, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि रासायनिक घटक पाहावे लागतात.

तयार शीट काही प्रमाणात बोलते, पण सगळे सांगत नाही. टेप कास्टिंगमध्ये चपटे कण पसरण्याच्या दिशेला समांतर बसतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिल्यास दिशा ओळखू येऊ शकते. फिल्मला लागलेली बाजू आणि हवेकडची बाजू यांत फरक असू शकतो. तक्त्यांमध्ये दाबून भाजलेल्या शीटच्या पृष्ठभागावर त्यांच्या संपर्काच्या खुणा राहू शकतात. याउलट नेमके तापमान शीटवरून वाचता येत नाही, कारण कणांची वाढ तापमानावरही अवलंबून असते आणि वेळेवरही. तज्ज्ञाच्या अहवालात यापेक्षा जास्त ठाम विधान दिसले तर ते कशावर आधारले आहे ते जरूर विचारावे.

म्हणून नोंदी. घोळाच्या प्रत्येक घाण्याचे वजनपत्रक, पात्याच्या फटीचे माप, भट्टीचा तापमान-आलेख, पूड, बाइंडर आणि आधार-तक्ते खरेदीची बिले, आणि प्रत्येक तुकडीतील एक-दोन नमुने तारीख घालून मोहोरबंद: हे साहित्य नोटीस येण्यापूर्वीपासूनचे असेल तरच त्याला वजन येते. एका कारखान्याची भट्टीची नोंदवही मी पाहिली होती, तिची सहा महिन्यांची पाने एकाच पेनाने, एकाच हाताने आणि उघडच एकाच बैठकीत भरलेली होती. अशी वही दाखवण्यापेक्षा ती नाही असे सांगणे कमी नुकसानीचे. नोटीस आल्यानंतर जुनी नोंद दुरुस्त करू नये, पुसू नये, नवी वही जुन्या तारखांनी लिहू नये.

आपली पद्धत कोर्टात उघड केली तर ती प्रतिस्पर्ध्याला कळेल ही भीती रास्त आहे. उत्पादनाची वा व्यापाराची गुपिते उघड करायला लावणे गैरवाजवी ठरत असेल तर न्यायालयाने तसे करू नये असे कलम १०४अ मध्येच म्हटले आहे. प्रमाणे आणि आलेख बंद पाकिटात देण्याची आणि ती ठरावीक वकील व तज्ज्ञांनीच पाहावीत अशा आदेशाची मागणी कागद दाखल करण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

पेटंटच टिकते का

पेटंट मंजूर झाले म्हणजे ते वैध ठरले असे नाही; कायदा स्वतःच तशी हमी देत नाही. या बाबतीतला पायाभूत निकाल सिरॅमिकचा नसून भांड्यांचा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात, धातूची उथळ भांडी घासण्या-चकाकवण्यासाठी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनावरचे व पद्धतीवरचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये अवैध ठरवले. कारागिराला आपल्या नेहमीच्या कौशल्याने सुचणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे त्याचे सार. भाजण्याच्या तापमानात दहा-वीस अंशांचा किंवा बाइंडरच्या प्रमाणात एखाद्या टक्क्याचा बदल हाच जर पेटंटाचा गाभा असेल आणि त्याने अनपेक्षित असे काही साधलेले नसेल, तर या निकालापासून सुरुवात करावी.

पूर्वीचा पुरावा शोधताना पेटंटाच्या अग्रक्रम तारखेपूर्वीची (म्हणजे ज्या तारखेच्या आधारे शोध नवा आहे का ते तपासतात तिच्यापूर्वीची) पेटंट, शोधनिबंध, यंत्र विक्रेत्यांच्या माहितीपुस्तिका हे सगळे चालते. कलम ६४ मधील एक तरतूद मात्र बंदर असलेल्या राज्यातील माणसाने विशेष लक्षात ठेवावी. पेटंट पद्धतीवर असेल आणि त्या पद्धतीने परदेशात केलेला माल अग्रक्रम तारखेपूर्वीच भारतात आयात झाला असेल, तर ती पद्धत आयातीच्या दिवशीच भारतात ज्ञात वा वापरात होती असे मानले जाते. केवळ चाचणी किंवा प्रयोगासाठी झालेली आयात तेवढी वगळली आहे. मुरगाव बंदरातून किंवा मुंबईतून आलेल्या एखाद्या जुन्या खेपेचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दिलेले आयातीचे विवरण, सोबत तो माल त्या पद्धतीनेच झाल्याचा उत्पादकाचा कागद, हा पुरावा शंभर पानी तज्ज्ञ-मतापेक्षा उपयोगी ठरू शकतो. व्यापाऱ्यांनी जुनी बिले रद्दीत देण्याची घाई म्हणूनच करू नये.

आव्हान कोठे द्यायचे ते तारखेवर ठरते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत पेटंट कार्यालयात विरोध नोंदवता येतो. त्यानंतर रद्द करण्याची याचिका उच्च न्यायालयात, किंवा भंगाचा दावा आला असल्यास त्यातच प्रतिदावा. यांपैकी एकाहून अधिक वाटा एकदम धरता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अलॉयस वॉबेन प्रकरणात सांगितले, तेव्हा निवड विचारपूर्वक करावी.

कोर्टाची पायरी

पेटंटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल होत नाही. वेर्ण्यातील कारखान्याविरुद्धचा दावा मडगावला येऊ शकतो. पण माल मुंबई किंवा दिल्लीत विकला जात असेल तर तेथेही, कारण दाव्याचे कारण जेथे घडले तेथे तो चालतो. ट्रेड मार्क किंवा कॉपीराइटप्रमाणे वादीला आपल्या घरच्या गावी दावा लावण्याची खास सवलत पेटंट कायद्यात नाही. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की संपूर्ण प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत पर्वरीला, वर्ग होते. पेटंट अवैध असल्याचा मुद्दा केवळ बचाव म्हणून मांडला तर प्रकरण जिल्हा न्यायालयातच राहते, मात्र यश आले तरी पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीतून ते पेटंट जात नाही. कोणता मार्ग घ्यायचा हे खर्च, वेळ आणि त्याच पेटंटाखाली पुन्हा त्रास होण्याची शक्यता पाहून ठरवावे.

नोटिशीनंतर आठवड्याभरात, दावा येण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस चालते, मग नव्याने द्यावे लागते. कॅव्हेट असेल तर आपल्याला न ऐकता मनाई हुकूम मिळवणे वादीला कठीण होते, आणि पातळ शीटच्या धंद्यात भट्टी दोन आठवडे बंद राहणे म्हणजे काय हे सांगायला नको. समन्स मिळाल्यावर लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. व्यापारी दाव्यात कारण दाखवून ही मुदत १२० दिवसांपर्यंत वाढते, पण त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. कोर्ट कमिशनर पाहणीला आल्यास त्यांना आत घ्यावे, पंचनाम्याची प्रत मागावी आणि काही चुकीचे लिहिले असेल तर तेथल्या तेथे आपली हरकत नोंदवावी.

उलट बाजूनेही पाऊल टाकता येते. आपली पद्धत संपूर्ण तपशिलासह पेटंटधारकाला लेखी कळवून भंग होत नसल्याची कबुली मागता येते; त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही तर कलम १०५ खाली तशी घोषणा मागता येते. या दाव्यात पेटंटच्या वैधतेवर बोलता येत नाही आणि खर्चही सहसा मागणाऱ्यावर पडतो, त्यामुळे क्लेमची फोड केलेल्या आपल्या कागदाची उजवी बाजू निर्विवाद असेल तेव्हाच हा मार्ग घ्यावा. निराधार धमक्यांसाठी कलम १०६ आहे. पण पेटंट अस्तित्वात असल्याचे केवळ कळवणे म्हणजे धमकी नव्हे.

आयातदार आणि बसवणाऱ्यांसाठी

आपण शीट तयार करत नाही म्हणून सुटलो, असे मानू नये. पद्धतीच्या पेटंटाचा हक्क त्या पद्धतीने थेट मिळालेल्या वस्तूच्या विक्रीवर, वापरावर आणि आयातीवरही चालतो. ‘थेट’ या शब्दाला मात्र अर्थ आहे. शीटचे पुढे वेगळ्या वस्तूत रूपांतर झाले असेल तर तेथे वादाला जागा राहते. पेटंटाच्या कारणावरून सीमाशुल्क विभागाने खेप स्वतःहून अडवण्याची तरतूद २०१८ साली नियमांतून काढली गेली, तेव्हा बंदरावर माल थांबवायचा तर न्यायालयाचा आदेश लागतो. खरेदीच्या ऑर्डरमध्येच उत्पादन-पद्धतीबाबत वाद आल्यास भरपाई व बचावाचा खर्च पुरवठादार देईल, आणि मागितल्यास तो पद्धतीचे कागदही देईल, असे कलम घालून घ्यावे. ते देण्यास पुरवठादार टाळाटाळ करू लागला तर त्यातूनही पुष्कळ कळते.

तडजोड करताना

तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर व्यापारी दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि क्लेमच्या फोडीचा कागद तयार असेल तर मध्यस्थापुढील बोलणी नेमकी होतात. परवाना घ्यायचे ठरल्यास रॉयल्टी कोणत्या तारखेपासून, कोणत्या पायरीसाठी, आणि पेटंट मुदतीपूर्वी बंद पडले किंवा रद्द झाले तर काय, हे लिहून घ्यावे. पेटंटच्या वैधतेला कधीही आव्हान देणार नाही अशी अट मसुद्यात हमखास सापडते; कलम १४० नुसार ती अट बेकायदेशीर आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी ती खोडायला सांगावी आणि खोडलेल्या जागी दोन्ही पक्षांची आद्याक्षरे घ्यावीत.